नकटीचा भोंगा

अब्बा सत्यभामाबाईंची मोडकी गाडी फुकटात दुरुस्त करून देणार, हे कळलं तेव्हा मी हातातला तवा शेगडीवर आपटला. जगात कोणाचंही काम फुकट करा, माझी ना नाही. पण या बाईचं? हिनं खामगावच्या बाजारात, माझ्या आतेभावाच्या दुकानासमोर उभं राहून माझ्या बापाला बेइमान म्हटलं होतं. एकदा नाही, हंगामभर, दर बाजाराला, घसा बसेपर्यंत.

जावेद माझा आतेभाऊ. बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाची नवलाई होती त्या काळात त्यानं बियाण्याचं दुकान टाकलं. सत्यभामाबाईंचे मालक रामराव म्हणजे अब्बांचे लंगोटीयार. अब्बांच्या शब्दावर त्यांनी जावेदकडून पाकिटं नेली. त्या साली जिल्ह्यात बोगस बियाण्याचा नुसता सुळसुळाट होता. माणसं पाकिटाचं सील उन्हात धरून बघायची, बी दातानं फोडून बघायची, आणि तरीही कोणाचा कोणावर विश्वास नव्हता. रामरावांच्या शेतात बोंडअळीनं कापूस पार खाऊन टाकला. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा कापूस मात्र मजेत उभा होता.

झालं. बाई बाजारात आल्या. "हात लाल झाले होते माहे ते बी टोबता टोबता!" दोन्ही पंजे लोकांना दाखवून त्या ओरडायच्या. "पाकिटातलंच रंगाचं बी होतं, मीच लावलं! दोस्ताले बोगस देलं आन बाकीच्याइले असल! या बद्रुद्दीननं आन त्याच्या भाच्यानं मिळून आमचा गळा कापला!" बाकीच्या गिऱ्हाइकांची पिकं चांगली आली होती, पण आपलं पीक चांगलं आलं हे कोणी बाजारात ओरडून सांगत नाही.

रामराव स्वतः काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून हिंडायचे. त्याच हिवाळ्यात एस.टी.त बसल्याजागी त्यांच्या काळजानं दगा दिला, आणि मग बाईंच्या जिभेला ब्रेकच राहिला नाही. जावेदनं दुकान बंद केलं आणि सुरत गाठली. आज तिथं तो दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजतो. अब्बांच्या गॅरेजला गिऱ्हाईक येत राहिलं, पण पार्ट बदलला की जुना पार्ट हातात घेऊन निरखून बघायला लागलं. ते बघून माझं डोकं फिरायचं. अब्बा मात्र चूप. एक शब्द त्यांनी स्वतःच्या बाजूनं काढला नाही, आणि हेच मला वर्षानुवर्षं सलत होतं. खरा माणूस गप्प का बसेल?

आणि आता ही गाडी.

"फुकट काऊन करता?" मी विचारलं.

"भंगारात देऊन राह्यला वहिनीचा पोरगा शिवम ते," अब्बा म्हणाले. "पुण्याचा एक साहेब घ्यायले तयार हाये, पण चालती पाह्यजे, आन असल पाह्यजे. तू संगं चाल. मोतीबिंदूनं मले नंबर वाचता येत नाही."

मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी गेले, पण अब्बांना मदत करायला नाही, त्यांच्यावर नजर ठेवायला.

रामरावांचं शेत जलंबच्या अलीकडे. निंबाखाली ती गाडी उभी होती, माझ्या जन्माआधीपासून उभी होती. गावात तिला नकटी म्हणत, कारण तिला नाकच नव्हतं. बाकीच्या जुन्या ट्रकांचं तोंड पुढे येतं, हिचं दाबून बसवलेलं. समोरची काचही उलटी, वरच्या बाजूनं बाहेर झुकलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं लष्कराच्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा रामरावांच्या वडिलांनी ही घेतली होती. खामगावच्या जिनिंगला कापूस वाहून वाहून ती थकली आणि निंबाखाली बसली. मग तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, रामराव फवारणीचे पंप ठेवू लागले, आणि गांधीलमाश्यांनी टपाखाली मोहोळ केलं.

सत्यभामाबाई गाडीसमोर बाज टाकून बसल्या होत्या. मांडीवर निवडायला तुरीची डाळ, पण डोळे आमच्यावर.

"मेस्तरी," त्या म्हणाल्या. पूर्वी त्या बद्रूभाऊ म्हणायच्या. "फुकट काऊन करून राह्यले हे काम?"

"रामरावची गाडी हाये, वहिनी."

"रामराव गेले. आता माही हाये. एक नट इकडचा तिकडं झाला तं मले समजते."

आयुष्यात पहिल्यांदाच माझा आणि त्या बाईचा प्रश्न एकच होता.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, तीन गाड्यांचे अवयव जोडून केलेली एक गाडी मला नको. म्हणून आधी ओळख पटवायची होती. अब्बांनी दाराच्या कोपऱ्यावरचा रंग पातीनं हळूहळू खरवडला. वर पिवळा, त्याखाली लाल, त्याखाली निळा, आणि सगळ्यात तळाशी मळकट हिरवा. "हा पाह्य," अब्बा म्हणाले, "हा लढाईचा." मग त्यांनी मला चाकं दाखवली. चाकावर नटांच्या दोन फेऱ्या होत्या. आतल्या फेरीनं चाक गाडीला धरलं होतं, आणि बाहेरच्या फेरीनं चाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांना. हवा भरलेली असताना बाहेरचा नट सोडला तर चाक फुटून माणूस जातो, म्हणून लष्करात बाहेरच्या नटांना लाल रंग देत. कापडानं पुसल्यावर तो लाल रंग खरंच दिसला. डॅशबोर्डवरची पट्टी मी रॉकेलनं घासली आणि उठावाची अक्षरं वाचून दाखवली. कॅनडात बांधलेली शेवरोलेट. चेसिसवरचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळला.

"असल हाये," अब्बा म्हणाले आणि हसले.

"असल नकल तुमालेच जास्त समजते," बाजेवरून आवाज आला. अब्बांचं हसू तिथंच विरलं. मला त्या बाईच्या तोंडावर ती डाळ फेकावीशी वाटली.

कामाला लागल्यावर अब्बांनी पहिल्यांदा काय दुरुस्त करावं? भोंगा. ड्रायव्हरच्या दाराबाहेर पितळी भोंगा होता, रामरावांच्या वडिलांनी बसवलेला. त्याचं रबर कधीच फाटलं होतं. अब्बांनी बाजारातून नवं रबर आणून बसवलं आणि दाबलं. पोंऽऽ! कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

"इंजिन सोडून भोंगा?" बाई म्हणाल्या. "हे कोनतं काम वो?"

"रामराव लहानपणी याच्याचसाठी रडे," अब्बा म्हणाले. बाईंनी डाळीतला एक खडा उगाच दोनदा उचलला.

इंजिन जाम होतं. अब्बांनी सिलिंडरमध्ये तेल सोडून ते मुरू दिलं. टाकीत खडे आणि साखळी घालून मी आणि शेतावरचा गडी ती हलवत बसलो, आतला गंज निघेपर्यंत. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या नव्या ओढल्या. हे सगळं अब्बा मन लावून करत होते, पण मी नजर ठेवून होते आणि मला एक गोष्ट दिसली. अब्बांचं लक्ष पुन्हा पुन्हा सीटकडे जात होतं.

सीटवर वर्षानुवर्षांचं अडगळीचं सामान होतं. ते काढल्यावर सीट उचलली, तेव्हा खाली लोखंडी पेटी निघाली, गाडीच्याच अंगाची. तिला रामरावांचं कुलूप होतं. बाईंनी कमरेचा जुडगा काढून एकेक किल्ली लावून पाहिली. एकही लागेना.

"मी तोडतो ना, वहिनी," अब्बा झटकन म्हणाले. "जॅक असन त्याच्यात. घरी नेऊन साफ करून आणतो."

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "शिवम येईन तवा तोडू." शिवम त्यांचा मुलगा, मलकापूरला जिनिंगमध्ये नोकरीला होता.

जॅक पेटीत नव्हता. जॅक मागच्या हौद्यात पडला होता, आदल्याच दिवशी अब्बांनी स्वतः तो उचलून बाजूला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बाई विहिरीवर गेल्या आणि मी पाणी आणायचं निमित्त करून निंबाआड थांबले. अब्बांनी चारी बाजूंना पाहिलं, पिशवीतून करवत काढली आणि सीटखाली वाकले. मी पुढे झाले, तसं मला बघून त्यांनी करवत लपवली. माझा बाप, ज्यानं मला लहानपणी एक पेन्सिल चोरली म्हणून उपाशी बसवलं होतं, तो माझ्यापासून करवत लपवत होता.

"काय हाये त्या पेटीत?"

"काही नाही."

"अब्बा, मले खरं सांगा. ते बियाणं खरंच बोगस होतं का? तुमाले माहीत होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता बोलतील. पण ते म्हणाले, "पान्हा दे तो."

घरी येताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. अम्मीनं विचारलं तर तिच्यावरही खेकसले. मनात हिशोब जुळत चालला होता आणि तो मला नको होता. रामरावांनी बोगस बियाण्याचा काही पुरावा त्या पेटीत ठेवला असणार. ते अब्बांना ठाऊक असणार. गाडी भंगारात गेली की भंगारवाला पेटी फोडणार, म्हणून हे सगळं समाजकार्य. इतकी वर्षं मी त्या बाईला शिव्या घालत होते, आणि कदाचित बाईच खऱ्या होत्या. त्या विचारानं मला बापाचीच शिसारी आली, आणि तशी आली म्हणून स्वतःचाही राग आला.

शिवम आला त्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. अब्बांनी पुढून हँडल घातलं, शिवमनं फिरवलं, नकटी खोकली, धुराचा लोट सोडला आणि धडधडायला लागली. गडी टाळ्या पिटू लागला. शिवमनं आनंदानं अब्बांना मिठीच मारली. सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. मग म्हणाल्या, "शिवम, आता ते पेटी तोड."

"वहिनी," अब्बा म्हणाले, "ते राहू द्या."

"काऊन?"

"राहू द्या म्हणतो ना! मले देऊन टाका ते पेटी. मेहनतीचं काहीच घेतलं नाही म्या तुमच्यापासून, हे एवढं द्या." अब्बांचा आवाज चढला होता. मी त्यांना परक्यासमोर आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं.

बाई बाजेवरून उठल्या. "आला ना चोर उजेडात! म्या म्हटलंच, हा फुकट काऊन राबते! तोड, शिवम!"

अब्बा पेटीसमोर आडवे आले. शिवम गोंधळला. मग मीच पुढे झाले. अब्बांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं आणि शिवमला म्हटलं, "तोड." जे असेल ते एकदाचं बाहेर येऊ दे, असं मला झालं होतं.

कुलूप एका घावात तुटलं. आत कापडाचं एक गाठोडं होतं आणि एक पत्र्याचा डबा.

"हे माहं हिरवं लुगडं हाये," बाई म्हणाल्या. "वाळत घातलेलं हरपलं होतं. मी शेजारणीचं नाव घेतलं होतं." त्यांनी गाठ सोडली. आत जावेदच्या दुकानाचा शिक्का असलेली बियाण्याची पाकिटं होती. सगळीच्या सगळी, सीलबंद, सोबत मिळणाऱ्या साध्या बियाण्याच्या छोट्या पुड्यांसकट. एकही फोडलेलं नव्हतं.

बाई चवताळल्या. "हे तुमीच आणून ठेवले! खरे दाखवाले!"

"माय," शिवम हळू आवाजात म्हणाला, "कुलूप बाबाचं हाये. लुगडं तुहं हाये."

बाईंनी विळ्यानं एक पाकीट फाडलं आणि बी तळहातावर ओतलं. बी निळं होतं. त्यांनी थुंकी लावून ते चोळलं, आणि तळहात निळा झाला. त्या हाताकडे बघत राहिल्या.

"माहे हात तं लाल झाले होते," त्या म्हणाल्या. या वेळी ओरडून नाही.

शिवमनं डबा उघडला. आत गेरू होता, पोळ्याला बैल रंगवून उरलेला, आणि वाळून दगड झालेला कुंचला.

नकटीचं इंजिन तेवढं धडधडत होतं. अब्बांनी जाऊन ते बंद केलं.

"आधीच्या साली कापूस लय झाला होता," अब्बा जमिनीकडे बघत म्हणाले. "त्याच कापसाची सरकी रामरावनं ठेवली. त्याचा बाप ठेवे, आजा ठेवे. दुकानातलं पाकीट बोगस निघालं तं साल जाईन, घरचं बी आपल्या डोळ्यासमोरचं, असा इचार केला त्यानं. तुमी भांडसान म्हणून गेरूनं रंगवलं. पण हे संकरित बी, वहिनी, हे दुसऱ्या साली तसं येत नाही. अळी लागली तवा मह्या गॅरेजमधी येऊन रडला तो, पाकिटं या पेटीत लपवली हेही तवाच बोलला. म्हणे, बद्रू, बायको तुले शिव्या देऊन राह्यली, थोडे दिवस सहन कर, हिंमत झाली का मीच सांगतो तिले. आन मंग त्या एस.टी.त..."

"आन तुमी चूप बसले?" मीच ओरडले. "जावेदचं दुकान गेलं! लोक तुमच्या हातातला नट तपासून पाह्यतात! आन तुमी चूप?"

"तो सांगणार होता, फलक. मेला म्हणून राह्यलं. मेलेल्या माणसावर घालू का म्या? मी तं जिता हाओ, मले ऐकून घेता येते."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला बापाचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला भयंकर राग आला. एका दोस्ताचं नाव जपायला यांनी स्वतःचं, जावेदचं, आमच्या घराचं नाव पणाला लावलं, आणि आम्हाला विचारलंही नाही. आणि त्या रागातच माझा श्वास मोकळा झाला, कारण माझा बाप चोर नव्हता.

सत्यभामाबाई खाली मातीत बसल्या होत्या. मग त्यांनी ते निळं बियाणं पदरात बांधलं.

"बद्रूभाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी बाजारापर्यंत जाईन का?"

"जाईन. पण काऊन?"

"आज बाजार हाये."

अब्बांना कळलं. ते हात जोडायला लागले. "वहिनी, नका. मह्यावर उपकार करा, गाठोडं विहिरीत टाका. कोणाले समजणार नाही. रामरावचं नाव..."

"मी बोंबलली बाजारात," बाई म्हणाल्या, "आन माफी घरात बसून मागू? चाला."

शिवम मागे हौद्यात उभा राहिला, अब्बा चालवायला, मध्ये मी, आणि खिडकीशी बाई, मांडीवर गाठोडं घेऊन. नकटी बैलाच्या चालीनं निघाली. जलंब रोडवर लोक सायकली थांबवून बघत होते. अब्बा वाटेत दोनदा म्हणाले, ब्रेक बरोबर लागत नाही, वापस जाऊ. ब्रेक व्यवस्थित लागत होते.

बाजारात जावेदच्या बंद दुकानासमोर बाईंनी गाडी थांबवायला लावली. ही अजब गाडी बघायला गर्दी जमायला वेळ लागला नाही. कोणीतरी बाईंना ओळखलं आणि म्हणालं, आली पाहा पुन्हा. बाई दार उघडून पायरीवर उभ्या राहिल्या. एका हातानं दार धरलं, दुसऱ्या हाताचा निळा पंजा वर केला.

"ऐका वो! माह्या मालकानं..."

पोंऽऽ! पोंऽऽ!

बाई थांबल्या. गर्दी हसली. मला वाटलं अब्बा वाट मोकळी करताहेत. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, "माह्या मालकानं घरचं बी..."

पोंऽऽऽ! पोंऽऽऽ! आता लोक खो खो हसत होते. मी अब्बांकडे वळले. त्यांचा उजवा हात खिडकीबाहेर होता आणि जिवाच्या आकांतानं ते नवं रबर दाबत होता. चेहरा ओला झाला होता. रामरावांच्या मयतीलाही ते असे रडले नव्हते.

मी त्यांच्या अंगावरून हात लांबवून त्यांचं मनगट धरलं.

"अब्बा, सोडा."

"लोक ऐकून राह्यले ना, फलक."

"इतकी वर्षं खोटंच ऐकलं लोकाइनं. आता खरं ऐकू द्या."

त्यांनी रबर सोडलं नाही. मी एकेक बोट उकललं, लहान मुलाच्या मुठीतून वस्तू काढतात तसं. मग तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. बाहेर सत्यभामाबाईंनी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी ते सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.